शंभरातल्या चाळीस गाठी



१९ ऑगस्ट २०२५ रोजी दिल्लीच्या सरकारने परदेशी रुईवरचा ११ टक्के आयात कर उठवला. आधी ३० सप्टेंबरपर्यंत म्हणाले, मग मुदत ३१ डिसेंबरपर्यंत वाढवली. म्हणजे आपली पहिली-दुसरी वेचणी बाजारात येते, नेमके तेवढे दिवस दार सताड उघडे. आम्ही त्यावर ओरड केली तेव्हा एका बैठकीत एक सूतगिरणीवाले सद्गृहस्थ मला शांतपणे म्हणाले, "साहेब, तुम्ही शिकलेले आहात. अमेरिका मोठी कशी झाली? आधी गिरण्या उभ्या केल्या. सरकारने त्या सांभाळल्या. तिथल्या कापूसवाल्यांनी काही वर्षे कळ सोसली आणि देश पुढे गेला. तुम्हीही थोडी सोसा."

मी कृषी पदवीधर. कॉलेजात अमेरिकेचा इतिहास आमच्या वाट्याला आला तो एवढाच, की एली व्हिटनी नावाच्या माणसाने १७९३ साली जिन काढली. एक ओळ, दोन मार्क. त्या दिवशी मला त्या गृहस्थांना नीट उत्तर देता आले नाही, ते आज देतो. त्यांचे अर्धे खरे आहे, आणि अर्ध्या खऱ्यावरच आपण दरवेळी फसतो. गिरण्या सरकारने सांभाळल्या, हे खरे. कळ कोणी सोसली, ती सोसायला त्यांना कोणी विचारले होते का, आणि तिची मजुरी कोणाच्या खिशात गेली, हे सांगायचे त्यांनी टाळले.

रुईवरचे तीन सेंट

इंग्रजांचे जोखड झुगारले तेव्हा अमेरिका म्हणजे शेतकऱ्यांचा देश. युद्धाचे कर्ज डोक्यावर, तिजोरी रिकामी. ४ जुलै १७८९ ला पहिला मोठा आयात कर कायदा झाला तो मुख्यतः पैशासाठी. पुढे १८६० पर्यंत त्या सरकारचे बहुतेक उत्पन्न आयात करातूनच येत राहिले. या पहिल्या कायद्यात एक बारीक कलम होते: बाहेरून येणाऱ्या रुईवर पौंडाला ३ सेंट कर. सेंट म्हणजे डॉलरचा शंभरावा भाग, आणि पौंड म्हणजे अर्धा किलोही नाही. त्या वेळी अमेरिकेत कापूस नावालाच होता. चांगले बियाणे मिळाले तर आमच्याकडे कापूस होईल, असे दक्षिण कॅरोलायनाच्या प्रतिनिधीने सभागृहात सांगितले होते. त्या न उगवलेल्या कापसासाठी हा कर.

दोन वर्षांनी, ५ डिसेंबर १७९१ ला, अर्थमंत्री अलेक्झांडर हॅमिल्टनने कारखानदारीवरचा आपला प्रसिद्ध अहवाल संसदेपुढे ठेवला. देशाने यंत्रावरची कारखानदारी का उभारावी, कशी उभारावी, याची ती पहिली पद्धतशीर मांडणी. आमच्या न्यायमूर्ती रानड्यांनी १८९२ साली पुण्याच्या डेक्कन कॉलेजात भारतीय अर्थशास्त्रावर व्याख्यान दिले, त्यात या हॅमिल्टनचा आणि जर्मन पंडित फ्रीडरिश लिस्टचा आधार घेतला होता. लिस्ट अमेरिकेत राहून हेच शिकून गेला होता. म्हणजे हा विचार आपल्याला नवा नाही. सव्वाशे वर्षांहून जास्त काळ तो महाराष्ट्रात मुरलेला आहे.

आता या अहवालात कापसाबद्दल काय लिहिले होते ते ऐका. रुईवरचा ३ सेंटचा कर गिरण्यांच्या वाढीला मोठा अडथळा आहे, तो काढा. आणि देशी कापसाचे काय? तर तो आखूड धाग्याचा आणि कमजोर असल्याचे बोलले जाते, त्यामुळे गिरणीवाल्याला बाहेरची रुई मोकळेपणी मिळाली पाहिजे. भावांनो, हे वाक्य तुम्ही कुठे ऐकले आहे? काट्यावर ग्रेडर बोंड चिमटीत धरून नाक मुरडतो तेव्हा ऐकले आहे. सव्वादोनशे वर्षांत त्यात शब्दाचाही फरक नाही.

पण हॅमिल्टन लबाड नव्हता, हेही मला लिहिले पाहिजे. आपल्या चळवळीत त्याला सरसकट शेतकऱ्यांचा शत्रू ठरवण्याची खोड आहे, ती मला पटत नाही. त्याने स्पष्ट लिहिले की नव्या धंद्याला मदत करण्याचा सर्वात सरळ मार्ग म्हणजे सरकारी अनुदान. आयात कराने माल महागतो, अनुदानाने महागत नाही. देशी रुई वापरून कापड करणाऱ्या गिरणीला अनुदान द्या, असेही त्याने सुचवले. शेतकरी आणि गिरणीवाला दोघेही तगतील अशी ती वाट होती. अडचणही त्यानेच सांगितली: अनुदान दिले की लोकांना वाटते, सरकार फुकट पैसे वाटते आहे.

संसदेने काय केले? आयात कराच्या बऱ्याच शिफारशी उचलल्या. कारखान्यांच्या अनुदानांच्या शिफारशी गुंडाळून ठेवल्या. अनुदान हिशेबाच्या वहीत दिसते, त्यावर प्रश्न विचारता येतो. कर मालाच्या किमतीत विरघळतो, आणि तो भरणाऱ्याला आपण भरतो आहोत हेच कळत नाही. माझ्या मते सगळी मेख इथेच आहे.

(हॅमिल्टनच्या आशीर्वादाने न्यू जर्सीत पॅसेइक नदीच्या धबधब्यावर एक मोठी कारखानदारी कंपनी निघाली होती. तिचा प्रमुख सट्ट्यात बुडून १७९२ साली तुरुंगात गेला आणि १७९६ मध्ये गिरणी बंद पडली. अहवाल लिहिणे वेगळे, गिरणी चालवणे वेगळे.)

यंत्र आले ते वेगळ्याच वाटेने. सूतकताईची यंत्रे, त्यांचे आराखडे आणि ती जाणणारे कारागीर देशाबाहेर जाऊ नयेत असे कायदे इंग्लंडने केले होते. सॅम्युअल स्लेटर नावाचा तरुण तिथल्या गिरणीत उमेदवारी करून तयार झाला होता. १७८९ साली तो धंदा लपवून जहाजात बसला, शेतमजुराचा वेष करून असे सांगतात. कागद एक नाही, सारे यंत्र डोक्यात. १७९० च्या डिसेंबरात ऱ्होड आयलंडमधल्या पॉटकेट गावी नदीच्या पाण्यावर त्याची कताई सुरू झाली. पहिले कामगार कोण? सात ते बारा वर्षांची मुले. हॅमिल्टनच्या अहवालातही बायका आणि मुले गिरण्यांमुळे जास्त उपयोगी ठरतात, हा गिरण्यांचा फायदा म्हणूनच नोंदवला आहे. आज पेटंटच्या नावाने जगाला धडे देणारा हा देश पहिली सूतगिरणी उभारतो ती दुसऱ्याचे गुपित उचलून. त्यात मला लाज वाटण्यासारखे काही दिसत नाही. फक्त ते विसरू नये.

जिन आणि तिची दलाली

जिनबद्दल कॉलेजात दोन मार्कांपुरते शिकलो ते आता सविस्तर सांगतो, कारण हा आपल्या घरचा विषय.

कापसात दोन तऱ्हा. एकीची सरकी काळी, गुळगुळीत. दोन लाटण्यांच्या चरकीत घातली की रुई पुढे जाते, सरकी मागे राहते. आपल्याकडे ही चरकी शेकडो वर्षे होती. अमेरिकेच्या समुद्रकाठच्या लांब धाग्याच्या कापसाला ती चालायची. पण तो कापूस किनाऱ्याच्या पट्ट्यातच येई. आत, उंच जमिनीवर येणारा कापूस हिरव्या सरकीचा, आखूड धाग्याचा, आणि रुई सरकीला अशी चिकटलेली की चरकी हात टेकते. हाताने सरकी काढायची तर एका माणसाचा दिवस जाऊन पौंडभर रुई निघे. आज आपल्या रानात उभी असलेली संकरित कपाशी याच जातकुळीतली आहे.

जॉर्जिया राज्यात सव्हाना शहराजवळ कॅथरिन ग्रीन या बाईंचे मोठे शेत होते. तिथे उतरलेल्या व्हिटनीने १७९३ साली दात्यांचा रूळ, जाळी आणि ब्रश यांचा मेळ घातला. हाताने फिरवायच्या जिनवर दिवसाला पन्नास पौंड रुई निघू लागली. १४ मार्च १७९४ ला पेटंट मिळाले.

आणि मग व्हिटनी आणि त्याचा भागीदार मिलर यांनी काय ठरवले? यंत्र विकायचेच नाही. जिन आपल्या, शेतकऱ्याने कापूस आणायचा, सरकी काढून न्यायची, आणि मोबदला म्हणून पाचातले दोन हिस्से द्यायचे, तेही कापसातच. पाचातले दोन! बियाण्याच्या पाकिटातल्या तंत्रज्ञान-शुल्काची भांडणे ज्यांनी पाहिली आहेत त्यांना पुढचे सांगायला नको. गावोगावच्या लोहार-सुतारांनी यंत्र पाहिले आणि तसेच करून दिले. व्हिटनी वर्षानुवर्षे कोर्टाच्या पायऱ्या झिजवत राहिला. दक्षिण कॅरोलायना सरकारने शेवटी ५० हजार डॉलर देऊन राज्यापुरता हक्क विकत घेतला. १८१२ साली त्याने पेटंटची मुदत वाढवून मागितली, संसदेने दिली नाही.

जिनचा परिणाम आकड्यांत पाहा. १७९० मध्ये देशात कापूस जेमतेम ३ हजार गाठी. १८६० मध्ये सुमारे ४० लाख गाठी. आता दुसरी जोडी. १७९० च्या शिरगणतीत गुलाम सुमारे ७ लाख, १८६० मध्ये साडेएकोणचाळीस लाख. यंत्राने सरकी काढायचे कष्ट वाचवले, पण पेरणी, निंदणी, वेचणी हातानेच होती, आणि ते हात विकत घेतलेले होते. जुन्या राज्यांतून अलाबामा, मिसिसिपीच्या नव्या जमिनींवर दहा लाखांच्या आसपास काळ्या माणसांना हलवले, बहुतेकांना विकून, मायलेकरांची ताटातूट करून. त्या जमिनीही मोकळ्या नव्हत्या. चोक्टा, क्रीक, चेरोकी, चिकासा या मूळच्या लोकांना १८३० च्या कायद्याने तिथून हुसकावले. यंत्राला दोष देणाऱ्यांतला मी नाही. पण यंत्र कोणाच्या हातात आणि कोणत्या कायद्याखाली येते, ते पाहिल्याशिवाय त्याचे गोडवे गाणाऱ्यांतलाही नाही.

राहिले ते रुईवरचे तीन सेंट. जिन आल्यावर तो कर राहिला काय आणि गेला काय! कापूस आता अमेरिकेतून बाहेर जाऊ लागला होता आणि त्याचा भाव लिव्हरपूलच्या बाजारात ठरत होता. जो माल आपण बाहेर विकतो त्याला आयात कराचे कवच मिळत नाही. मिळते ते आयात होणाऱ्या मालाला, म्हणजे कापडाला, लोखंडाला. शेतकरी विकतो उघड्या बाजारात आणि घेतो बंद बाजारात.

कापडाला हमीभाव

१८०७ च्या डिसेंबरात अध्यक्ष जेफरसन यांनी परदेश व्यापारच बंद केला, पुढे १८१२ ते १८१५ इंग्लंडशी युद्ध झाले. बाहेरचे कापड थांबले आणि उत्तरेत गिरण्यांचे पेव फुटले. तह होताच इंग्रजी माल लोंढ्याने आला. अमेरिकेतल्या कोवळ्या गिरण्या पाळण्यातच गुदमरतील तर सुरुवातीचा तोटा सोसूनही माल पाठवणे परवडेल, असे १८१६ मध्ये ब्रूम नावाच्या इंग्रज खासदाराने पार्लमेंटात उघड सांगितले. तेव्हा गिरण्यांची भीती खोटी नव्हती.

या वेळी फ्रान्सिस कॅबट लोवेल पुढे येतो. बोस्टनचा व्यापारी. हिंदुस्थानी हातमागाच्या कापडाच्या व्यापारात त्याने पैसा केला होता. इंग्लंडला जाऊन यंत्रमाग डोळ्यांत साठवून आला आणि १८१४ मध्ये वॉल्थॅम गावी कताईपासून विणाईपर्यंत सगळे एका छपराखाली आणले. जाडेभरडे, स्वस्त कापड. त्याला खरी स्पर्धा कोणाची? कलकत्त्याहून येणाऱ्या आपल्या विणकरांच्या स्वस्त कापडाची.

१८१६ मध्ये तो वॉशिंग्टनला जाऊन बसला आणि कायद्यात एक कलम घालून घेतले. सुती कापडावर कर २५ टक्के, पण कोणतेही कापड चौरस वाराला २५ सेंटपेक्षा कमी किमतीचे असले तरी ते २५ सेंटचेच धरायचे. हिशेब करा. खऱ्या २५ सेंटच्या कापडावर कर सव्वासहा सेंट, म्हणजे २५ टक्के. दहा सेंटच्या हिंदुस्थानी कापडावरही कर तेवढाच सव्वासहा सेंट, म्हणजे साडेबासष्ट टक्के. आठ सेंटच्या कापडावर अठ्ठ्याहत्तर टक्के. माल जेवढा स्वस्त तेवढा कर चढा. वर दिसायला सगळ्यांना सारखे पंचवीस!

हमीभाव मागितला की आपल्याला सांगतात, सरकारने किंमत ठरवली की बाजार बिघडतो. मग १८१६ साली लोवेलच्या कापडासाठी कायद्यात लिहिलेली ती किमान किंमत काय होती? ती मोडायला एकही अर्थपंडित पुढे आला नाही. हिंदुस्थानी कापडाची आयात करणारे व्यापारी तेवढे ओरडले. इंग्लंडच्या गिरण्यांनी आपल्या विणकराची मान धरलीच होती, अमेरिकेचे दारही बंद झाले.

कापूस पिकवणाऱ्या दक्षिणेला लोवेलने पटवले ते असे: कलकत्त्याचे कापड हिंदुस्थानी कापसाचे, आमचे कापड तुमच्या कापसाचे. ते बंद करा, आम्ही तुमचे गिऱ्हाईक होतो. दक्षिण कॅरोलायनाच्या जॉन कॅलहूनने त्या वर्षी कायद्याच्या बाजूने मत दिले. पुढे दिसले काय, तर १८६० पर्यंत दक्षिणेच्या पिकाचा तीन चतुर्थांश वाटा परदेशीच जात होता. गिरण्या मात्र वाढल्या, भागधारकांना भरघोस लाभांश मिळाला, नदीकाठी लोवेलच्या नावाचे शहरच वसले. तिथल्या मागांवर उभ्या राहिल्या त्या न्यू हॅम्पशायर, व्हरमाँटच्या शेतकऱ्यांच्या पोरी, रोज बारा-तेरा तास. १८३४ मध्ये मजुरी कापली तेव्हा आणि १८३६ मध्ये वसतिगृहाचे पैसे वाढवले तेव्हा त्यांनी काम बंद पाडले. कळ सोसणाऱ्यांच्या यादीत त्यांचेही नाव घाला.

मॅकडफीचा हिशेब

१८२४ मध्ये कर वाढले, १८२८ मध्ये आणखी वाढले. कर लागणाऱ्या मालावर सरासरी साठ टक्क्यांच्या वर. दक्षिणेने त्या कायद्याला किळसवाणा म्हटले. बारा वर्षांपूर्वी हात वर करणारा कॅलहून आता उपाध्यक्ष होता. त्याने नाव न घालता निषेधाचा मसुदा लिहिला. त्याचाच सहकारी जॉर्ज मॅकडफी याने चाळीस गाठींचा हिशेब मांडला: शेतकरी शंभर गाठी विकतो, त्या पैशातून माल घेतो, मालावर चाळीस टक्के कर, म्हणजे शंभरातल्या चाळीस गाठी गिरणीवाल्यांनी नेल्या. १८३२ च्या नोव्हेंबरात दक्षिण कॅरोलायनाने हे कायदे आमच्या राज्यात रद्द म्हणून जाहीर केले. अध्यक्ष जॅक्सन फौज पाठवायला निघाले. १८३३ मध्ये कर टप्प्याटप्प्याने २० टक्क्यांवर आणायचा तह झाला.

आपल्यातले काही वक्ते हा मॅकडफी मोठ्या प्रेमाने सांगतात. त्यांना माझी विनंती आहे, हात राखून सांगा. पहिली गोष्ट, हिशेब पुरता बरोबर नव्हता. शेतकऱ्याचा सगळा पैसा कराच्या मालावर जात नाही, आणि कराचा सगळा बोजा एकट्याच्याच डोक्यावर बसत नाही. शिवाय कॅरोलायनाची माती कापूस घेऊन घेऊन झिजली होती आणि अलाबामाच्या ताज्या जमिनी भाव पाडत होत्या. माती पाहणारा माणूस म्हणून सांगतो, ते दुखणे कराने आणले नव्हते.

दुसरी गोष्ट याहून मोठी. मॅकडफीच्या शंभर गाठी पिकवल्या कोणी? त्याने नाही. त्याच्या गुलामांनी. चाळीस गाठी गेल्या म्हणून गळा काढणारा हा माणूस उरलेल्या साठ गाठी ज्यांच्या पाठीवरून काढत होता, त्यांना त्यातली एक सरकीही मिळत नव्हती. मिळायचे ते वर्षाचे जाडेभरडे कापड, आणि तेही उत्तरेच्या गिरण्यांत खास गुलामांसाठी विणलेले. म्हणजे वाद होता तो लुटीच्या वाटणीचा. कॅलहून आपला पुढारी नव्हे. शेतकरी चळवळीने त्याचे फोटो लावू नयेत. आपल्याकडे रोजाने वेचायला येणाऱ्या बाईचा किलोचा दर आपण किती देतो, हे मॅकडफी सांगण्याआधी प्रत्येकाने स्वतःला विचारावे. मी विचारले आहे. उत्तर फार अभिमानाने सांगण्यासारखे नाही.

तर त्या सूतगिरणीवाल्या गृहस्थांना माझे उत्तर असे. अमेरिकेच्या गिरण्या कराशिवाय जगल्या असत्या की नाही, यावर तिथलेच पंडित शंभर वर्षे भांडत आहेत. टॉसिग या प्राध्यापकाने १८८८ मध्ये लिहिले की सुती गिरण्या लवकरच आपल्या पायांवर उभ्या राहिल्या होत्या. नंतरच्या काहींनी हिशेब मांडून दाखवले की कर नसता तर त्यातल्या बऱ्याच गेल्या असत्या. मी तुमचे म्हणणे मान्य करून चालतो: गिरण्यांना आधार लागत होता. पण तिथे गिरणीला आधार म्हणून कापडावर कर लावला. इथे गिरणीला आधार म्हणून रुईवरचा कर उठवला. एकदा दार लावून, एकदा दार उघडून, दोन्ही वेळा पावती कापूसवाल्याच्या नावाने फाडली. परदेशात भारतीय कापडावर जबर कर बसला म्हणून गिरण्या अडचणीत आल्या असतील, तर त्यांना मदत करा. आमची ना नाही. हॅमिल्टनने दाखवलेल्या वाटेने करा. देशी रुई वापरणाऱ्या गिरणीला गाठीमागे इतके रुपये, असे अर्थसंकल्पात लिहा. दरवर्षी रक्कम दिसेल, तिच्यावर चर्चा होईल, नको वाटली तर बंद करता येईल. रात्रीतून अधिसूचना काढून बाजार पाडला, तर आम्ही दिलेल्या मदतीची नोंद कोणत्याही वहीत होत नाही.

ती नोंद आता आपणच करायची आहे. पुढच्या जिल्हा बैठकीला येताना ऑक्टोबर ते डिसेंबर २०२५ मधल्या कापूस विक्रीच्या पावत्या बरोबर आणाव्यात. व्यापाऱ्याची असो की सरकारी केंद्राची, तारीख, वजन, प्रत आणि भाव वाचता आला पाहिजे. ज्यांनी खेडा खरेदीत विकला आणि पावती मिळाली नाही, त्यांनी तारीख व भाव कागदावर लिहून दोन शेजाऱ्यांच्या सह्या घ्याव्यात. वेचणीच्या मजुरीचा दरही त्याच कागदावर लिहावा. तालुकावार बेरीज बैठकीतच करू आणि ठराव त्या बेरजेवरून लिहू.